पोट्टं कूलर दुरुस्त करतं, मग सोशल सायन्समध्ये ३१ कसे?

नागपूरच्याच एका आईचं पत्र आलंय, थोडं कापून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"नमस्कार मॅडम. आम्ही प्रतापनगरकडे राहतो. मुलगा सातवीत आहे. पाचवीपर्यंत मराठी शाळेत होता, शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणीत १०० पैकी ८४ पडले तर सगळे म्हणाले पोरगं हुशार आहे, मराठी शाळेत वाया जाईल, म्हणून सहावीत सीबीएसईच्या इंग्लिश मीडियममध्ये टाकलं. तेव्हापासून मार्क खालीच चालले. आत्ता सहामाहीत सोशल सायन्स ३१, इंग्लिश ३६, सायन्स ४०, गणित ५८. शाळा म्हणाली टेस्ट करून घ्या, केली. व्हर्बल आयक्यू ९२, परफॉर्मन्स ११८, एकूण १०५. मिस म्हणाल्या अ‍ॅव्हरेज चाइल्ड आहे, अपेक्षा कमी ठेवा. ह्यांचं म्हणणं आयक्यू-बियक्यू फालतू, मेहनत कमी पडून राहिली. सासरे म्हणतात डोकंच नाही. आणि हाच मुलगा दर एप्रिलमध्ये घरचे दोन्ही कूलर खोलून पंप बसवून चालू करतो, शेजारच्या काकूंचाही. एक ब्रेन अ‍ॅक्टिव्हेशनचे क्लासवाले १८ हजार मागून राहिले. शाळा बदलू का, क्लास लावू का, आणि हा आकडा त्याला सांगू का?"

अहो ताई, आधी तो रिपोर्ट पुन्हा हातात घ्या. तुम्ही फोटो पाठवले ते मी मोठे करून करून पाहिले, दुसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलंय की टेस्ट इंग्लिशमध्ये घेतली, अधूनमधून हिंदीत समजावलं. तुमच्या पत्रात या ओळीचा उल्लेखच नाही आणि मला वाटतं सगळी गोष्ट इथेच आहे. घरात मराठी, गल्लीत नागपुरी हिंदी, पाच वर्षं शाळा मराठीत, अशा पोराला खुर्चीवर बसवून एका अनोळखी बाईंनी इंग्रजीत विचारलं की अमुक शब्दाचा अर्थ सांग, तर तो काय सांगणार? त्याला आलं नाही ते इंग्रजी, आणि रिपोर्टमध्ये ते बुद्धी म्हणून छापून आलं.

आता रिपोर्टच्या आत जाऊ, कारण १०५ वर थांबण्यात काही अर्थ नाही. शब्दांची बाजू (व्हर्बल) ९२, हाताने करून दाखवायची (परफॉर्मन्स) ११८, मधे २६ चा खड्डा, आणि त्याची गोळाबेरीज करून 'अ‍ॅव्हरेज' म्हणायचं, म्हणजे एक हात फ्रीजमध्ये आणि एक तव्यावर ठेवून म्हणायचं की सरासरी बरं वाटतंय. सात-आठचा फरक असता तर मी लक्षही दिलं नसतं, तेवढं इकडेतिकडे होतंच. २६ ला कारण असतं.

तुमच्या मुलाला दिलेली टेस्ट, गंमत बघा, आपल्या नागपूरचीच आहे. अमेरिकेत डेव्हिड वेक्स्लर यांनी १९४९ साली मुलांसाठी जी टेस्ट काढली तिचं भारतीय मुलांसाठीचं रूप डॉ. ए. जे. मालिन यांनी १९६० च्या दशकात इथे नागपुरात काम करताना तयार केलं, म्हणून अजूनही देशभरातले सायकॉलॉजिस्ट तिला मालिनची टेस्ट म्हणतात आणि आपल्या नागपूरवाल्यांना त्याचा पत्ताच नाही. त्यात दोन गठ्ठे असतात. व्हर्बलमध्ये सामान्य माहिती, समज, तोंडी गणित, दोन गोष्टींतलं साम्य, शब्दार्थ आणि आकडे ऐकून जसेच्या तसे परत म्हणणं. परफॉर्मन्समध्ये चित्रात काय राहिलं ते ओळखणं, ठोकळ्यांची नक्षी लावणं, तुकडे जोडून वस्तू करणं, खुणांचं कोडिंग आणि भूलभुलैया. एक मात्र लक्षात ठेवा, तुलनेचे मापदंड इतके जुने की आकडा शब्दशः धरायचा नाही, पिढ्यांमागून पिढ्यांचे गुण चढत जातात त्यामुळे जुन्या मापाने मोजलं की आकडे जरा फुगून येतात. मी म्हणून आकड्यापेक्षा भागाभागातला फरक बघते.

तर तुमच्या मुलाचे भाग बघा. शब्दार्थ आणि सामान्य माहिती, हे दोन तळाला. पण साम्य सांगण्यात तो ठीक आहे, आणि आकडे लक्षात ठेवण्यात तर चांगलाच वर. ठोकळ्यांमध्ये वरच्या टोकाला. म्हणजे ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं जमतं, दोन गोष्टींचा संबंध लावणं जमतं, जागेचा आणि आकाराचा अंदाज फर्स्टक्लास. अडतंय कुठे, तर जिथे आधीपासून कानावर पडलेले इंग्रजी शब्द लागतात तिथेच. मानसशास्त्रात रेमंड कॅटेल यांनी हाच फरक सांगितला होता, एक बुद्धी नवीन कोडं सोडवायची आणि एक बुद्धी साठवलेली, शिकून-ऐकून-वाचून जमा झालेली. कूलर खोलणारी पहिली. सोशल सायन्सचा पेपर जवळजवळ सगळा दुसरीवर चालतो.

आता तुम्ही मनातल्या मनात विचारत असाल की मग हा आयक्यू आणि मार्कांचा काही संबंध आहे की नाही. आहे. यजमान म्हणतात तसं फालतू नाही. २०१५ मध्ये जगभरातल्या २४० नमुन्यांची, एक लाखाच्या वर विद्यार्थ्यांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली तेव्हा बुद्धिमत्ता चाचणी आणि शाळेतले ग्रेड यांचा संबंध ०.५४ निघाला. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे तंतोतंत. ०.५४ हा मानसशास्त्रात मोठा आकडा आहे, पण त्याचा वर्ग केला तर ०.२९ येतो, म्हणजे मुलामुलांच्या मार्कांत जो फरक दिसतो त्याच्या साधारण ३० टक्क्यांचा धागा बुद्धीच्या आकड्याला जुळतो आणि ७० टक्के दुसरीकडे कुठेतरी असतो. शिकवणं, सवय, झोप, आवड, घरातली भांडणं, पेपरची भाषा, आणि हो, मेहनतसुद्धा. इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास आहे, ७० हजारांवर मुलं, ११ व्या वर्षी चाचणी घेतली आणि १६ व्या वर्षीचे बोर्डाचे निकाल बघितले, तिथे संबंध त्याहून बराच जास्त दिसला, ०.८ च्या आसपास. पण त्यात सुद्धा गणिताच्या निकालातला निम्म्याहून जास्त फरक त्या चाचणीशी जुळत होता आणि चित्रकलेतला पाचवा हिस्साही नाही. विषय बदलला की नातं बदलतं.

आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं ते पुढे आहे. त्याच २०१५ च्या आकडेवारीत शब्दांच्या चाचण्या मार्कांशी जास्त जुळल्या, चित्रांच्या-ठोकळ्यांच्या कमी. कारण शोधायला फार लांब जायला नको हो. शाळा चालते कशावर? मास्तर बोलतात, पुस्तक बोलतं, प्रश्न शब्दात, उत्तर शब्दात. शाळेत कुणी ठोकळे देऊन म्हणत नाही की शिवाजी महाराजांची राज्यव्यवस्था लावून दाखव. त्यामुळे ज्या पोराचा शब्दांचा गठ्ठा मोठा त्याला शाळा सोपी जाते आणि शाळा सोपी जाते म्हणून त्याचा गठ्ठा अजून मोठा होतो. जास्त वाचणारं आणखी वाचतं, अडखळणारं टाळतं, टाळतं म्हणून आणखी मागे पडतं. व्याजावर व्याज. तुमचा मुलगा पाचवीपर्यंत या व्याजाच्या चांगल्या बाजूला होता, सहावीत त्याचं खातं बंद करून आपण दुसऱ्या बँकेत शून्यावर उघडलं.

मी हे आकड्यांवरून बोलते असं वाटेल पण तसं नाहीये. २८ वर्षं मी शाळेत शिकवलं. एकदा पाचवीत एक मुलगा आला, भंडाऱ्याकडून, घरी झाडीबोली. तो 'पाणी'ला 'पानी' लिहायचा, 'कोण'ला 'कोन', त्याच्या बोलीत ण नाहीच. मी दर वेळी लाल शाईने कापायची. वर्षभर. तोंडी विचारलं की गप्प, कारण बोलला की बाकीचे हसायचे आणि खरं सांगायचं तर मीही एकदोनदा हसले. त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी 'आकलन कमी' असं लिहिलेलं मला अजून आठवतं, अक्षरसुद्धा आठवतं. एकदा शाळेचा पाण्याचा नळ बिघडला तर त्याने मधल्या सुट्टीत वायसर बदलून दिला, तरी माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. आठवीच्या आधीच तो शाळा सोडून गेला. का गेला ते मी विचारलंही नाही. म्हणून 'अ‍ॅव्हरेज आहे, अपेक्षा कमी ठेवा' हे वाक्य वाचलं की माझ्या पोटात कालवतं. तुमच्या मिस वाईट नाहीत, त्यांनी रिपोर्ट वाचला तसा सांगितला, पण मी पण एकदा असंच वाचलं होतं.

बरं, आता किती दिवस लागतील. कॅनडात जिम कमिन्स नावाचे अभ्यासक आहेत, त्यांनी बाहेरून आलेल्या, घरी वेगळी भाषा असलेल्या मुलांचं पाहिलं तर असं दिसलं की मित्रांशी बोलण्यापुरती नवी भाषा दोनेक वर्षांत येते, पण पुस्तकी भाषा, म्हणजे 'कारणे द्या', 'तुलना करा', 'यावरून काय निष्कर्ष निघतो' ही भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. आपल्याकडे उलटंच होतं, पोरगं दोन महिन्यांत 'मे आय गो टू टॉयलेट' म्हणायला लागलं की आपण म्हणतो इंग्लिश जमलं. तुमच्या मुलाला जेमतेम दीड वर्ष झालंय. त्यात सीबीएसईचं सहावी-सातवीचं सोशल सायन्स, इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्र सगळं एकात, परिच्छेदच्या परिच्छेद, एकेका वाक्यात चार नवे शब्द. ३१ कसे आले यापेक्षा मला गणितात ५८ कसे टिकले याचं नवल वाटतं. गणितात सुद्धा माझी खात्री आहे की आकडेमोडीचे सगळे बरोबर असतील आणि शाब्दिक उदाहरणं गेली असतील. पेपर काढून बघा. 'अ‍ॅट लीस्ट', 'रिस्पेक्टिव्हली', 'रिमेनिंग' असले शब्द ज्या उदाहरणात आहेत तिथे लाल रेघ असेल.

भाषा गणितात कशी घुसते याचं एक आपल्याच घरचं उदाहरण सांगते आणि पुढे जाते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आणलं होतं आणि केवढा गदारोळ झाला, टीव्हीवर चेष्टा, व्हॉट्सॅपवर विनोद. समितीवर मंगला नारळीकर होत्या, गणितातल्या. त्यांचा मुद्दा साधा होता, मराठीत 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी येतो आणि लिहिताना पाच आधी, लहान मूल गोंधळतं. पटो न पटो, पण मुद्दा भाषेचा होता, बुद्धीचा नव्हता. तुमचा मुलगा घरी 'सत्तावीस' म्हणतो, वर्गात 'ट्वेंटी सेव्हन' ऐकतो, पाढे मराठीत पाठ आणि मिस इंग्लिशमध्ये विचारतात. तो डोक्यात रोज दोनदा प्रवास करून राहिला, बर्डीला जायचं तर आधी कामठीला जाऊन मग बर्डी.

तरी माझ्या बोलण्यावर जाऊ नका, घरी तपासा. एका रविवारी होण्यासारखं आहे.

सायन्सच्या पुस्तकातलं अर्धं पान त्याला मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही पेन्सिलने फक्त अडखळला तिथे टिंब द्या. मग तेवढ्याच लांबीचं मराठी पान, वर्तमानपत्रातलं चालेल. वाचनाबद्दल गफ आणि टनमर या दोघांनी १९८६ मध्ये एक फार साधी गोष्ट मांडली, वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले ती भाषा समजणं. गुणिले हं, अधिक नाही. एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य. तर टिंबं दोन्ही पानांवर खूप आली, मराठीतही मात्रा-वेलांट्या गाळतो, ओळ सोडून खाली उतरतो, तर तो वेगळा रस्ता आहे, मग अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी लागेल, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ती धरलेली आहे आणि अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. पण शिष्यवृत्तीच्या परीक्षेत तो मराठीत पेपर वाचून सोडवून आलाय, त्यामुळे मला ही शक्यता कमी वाटते. डोळे मात्र तपासा, तेवढं राहूनच जातं.

टिंबं फक्त इंग्लिशवर आली, किंवा इंग्लिश भराभरा वाचलं पण 'काय वाचलंस' विचारल्यावर तोंडाकडे बघत राहिला, तर तुमचं उत्तर मिळालं. मग तेच मराठीत समजावून सांगा आणि पेपरातलाच प्रश्न मराठीत तोंडी विचारा. सांगितलं बरोबर तर ते ३१ मार्क इतिहास-भूगोलाचे नव्हतेच.

आता करायचं काय. तुम्ही म्हणाल इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावते, नको. मी कूलरपासून सुरू करीन.

खरंच सांगते. त्याला विचारा, बाबू, कूलर थंड हवा काऊन देते? तो म्हणेल पाणी असतं म्हणून. मग म्हणा, पाणी तर बादलीतही असतं, बादलीपुढे पंखा लावला तर तेवढं थंड होते का? इथे तो थांबेल. थांबू द्या, तुम्ही बोलू नका, हीच मोठी कसरत आहे आयांसाठी. मग ताटीवर, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या जाळीवर येईल, पंप पाणी वर नेतो, ते ताटीवरून झिरपतं, ताटी का लागते, तर पाणी पसरतं, त्याला जास्त हवा भिडते. हवेने पाण्याची वाफ होते, वाफ व्हायला उष्णता लागते, ती उष्णता पाणी त्या हवेतूनच घेतं, म्हणून हवा गार. आता पुढचा प्रश्न, मे महिन्यात ४५ डिग्रीत मस्त चालणारा कूलर जुलैत नुसता चिकचिक काऊन करतो? हवेत आधीच बाष्प भरलेलं, पाण्याची वाफ फारशी होतच नाही. ताई, हे झालं तेव्हा सातवी-आठवीचं सायन्स झालं, बाष्पीभवन, आर्द्रता, उष्णता सगळं, आणि पोरगं हरलं नाही एकदाही कारण कूलर त्याचा आहे. हे बोलून झालं की म्हणा, आता सहा ओळी लिही. मराठीत. दुसऱ्या दिवशी त्याच सहा ओळी इंग्लिशमध्ये, शब्द अडले तर तुम्ही द्या किंवा डिक्शनरीत शोधा, इव्हॅपोरेशन, ह्युमिडिटी, अ‍ॅब्सॉर्ब. हे तीन शब्द तो जन्मात विसरणार नाही, आणि यादीतून पाठ केलेले तीस शब्द चाचणी संपली की गेले.

त्याच्याकडे हात आहेत, डोळा आहे, तिथून शब्दाकडे पूल बांधायचा. महिन्यात असे चार-पाच विषय पुरे. मिक्सर, सायकलची चेन, नागनदीला पूर येतो तो का, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे ती मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते त्यामागची गोष्ट आजोबांकडून ऐकून लिहून काढणं. हा शेवटचा सोशल सायन्सच आहे आणि सासऱ्यांनाही काम मिळेल, डोकं आहे की नाही ते जवळून दिसेल.

शाळेच्या अभ्यासाचं असं करा. उद्या वर्गात जो धडा होणार तो आदल्या रात्री मराठीत वाचायचा. बालभारतीची मराठी पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. धडे सीबीएसईशी तंतोतंत जुळत नाहीत, पण प्रकाशसंश्लेषण म्हणजेच फोटोसिन्थेसिस, झाड काही बोर्ड बघून अन्न तयार करत नाही. रात्री अर्थ कळलेला असला की सकाळी मिस इंग्लिशमध्ये बोलतात तेव्हा त्याला फक्त शब्द पकडायचे राहतात, अर्थ आणि शब्द दोन्ही एकदम नाही. बहुतेक घरात उलटं चालतं, वर्गात काही कळत नाही आणि संध्याकाळी ट्यूशनला जाऊन तेच पुन्हा इंग्लिशमध्ये.

एक छोटी वही ठेवा फक्त प्रश्नांतल्या क्रियापदांची. डिस्क्राइब, जस्टिफाय, डिस्टिंग्विश, गिव्ह रीझन्स. प्रत्येकापुढे त्याच्या भाषेत, 'जस्टिफाय म्हणजे का ते पटवून दे, दोन कारणं तरी'. पंधरा-वीस शब्दच असतात, वर्षानुवर्षं तेच. किती मुलं विषय येत असून डिस्टिंग्विशला डिस्क्राइब लिहून येतात ते मी पेपर तपासून तपासून सांगते.

आणि पुन्हा पुन्हा वाचणं बंद. पान वाचलं, पुस्तक मिटलं, काय होतं ते सांग, मराठी-हिंदी-इंग्लिश खिचडी चालेल. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर बघितलं, पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, पण आठवड्याने विचारलं तर मिटून आठवणारे पुढे. आपल्या परीक्षा पाच मिनिटांनी नसतात.

घरातलं मराठी वाचन थांबवू नका, हे हात जोडून सांगते. 'आता इंग्लिश मीडियमला आहे, मराठी कशाला' म्हणून वर्तमानपत्र बंद करणारी घरं मी पाहिली आहेत, मग दोन्ही भाषा अर्ध्या राहतात, ना धड इकडचा ना तिकडचा. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सुद्धा किमान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणतं. तुम्ही बरोबर पाचवी झाल्यावर हलवलं, त्यामुळे अगदीच बिघडलं नाही, पाया पक्का आहे.

१८ हजारांचं उत्तर एका शब्दात, नको. डोळ्याला पट्टी बांधून वाचायला शिकवतात ते मिडब्रेन वगैरे तर जादूचे प्रयोग आहेत, नाकाशेजारच्या फटीतून दिसतं. कॉम्प्युटरवरच्या ब्रेन गेम्सचं म्हणाल तर २०१० मध्ये ११,४३० मोठ्या माणसांना सहा आठवडे खेळवून बघितलं, ती माणसं त्या खेळात तरबेज झाली आणि बाकी कशात काही फरक पडला नाही. अबॅकस शिकलेलं पोरगं अबॅकस छान करतं. त्या पैशात रमण सायन्स सेंटरला चार चकरा मारा, मधे तर्री पोहे खा आणि उरलेले बँकेत ठेवा.

यजमानांना सांगा ते अर्धे बरोबर आहेत. आठवीच्या मुलांवरचा २००५ चा एक अमेरिकन अभ्यास आहे, त्यात वर्षअखेरच्या ग्रेडशी स्वयंशिस्तीचा संबंध आयक्यूपेक्षा दुप्पट जास्त निघाला होता. एकाच शाळेतली मुलं होती, त्यामुळे मी त्यावर झेंडा लावणार नाही, पण शिस्त चालते. फक्त तुमच्या मुलाला ती नाही असं मला दिसत नाही. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर बसून कूलरचा पंप उघडणाऱ्याला बेशिस्त म्हणणं जरा जास्तच होतं. न समजणारं पान तीन तास धरून बसण्याला मेहनत म्हणत असाल तर ती मात्र त्याने कमीच करावी.

शाळा बदलण्याबद्दल. खरं विचाराल तर मी तुमच्या जागी असते तर सहावीत हलवलंच नसतं, पण ते आता उगाळून उपयोग नाही. वर्षाच्या मधे तर अजिबात हलवू नका, पुन्हा नवे मित्र, नवं पुस्तक. मार्चपर्यंत वरचं सगळं करून बघा. तेव्हाही मराठीत सगळं येतं आणि पेपरात काही उतरत नाही अशीच परिस्थिती असली तर स्टेट बोर्डाची सेमी इंग्लिशची शाळा बघायला लाज वाटून घेऊ नका. गणित-सायन्स इंग्लिशमध्ये, बाकी मराठीत, तुमच्या मुलाच्या ताकदीला हे मला तरी जास्त जुळतं. नातेवाईक म्हणतील मागे आणलं, म्हणू द्या, आठवीची फी नातेवाईक भरत नाहीत. मला विचाराल तर माझा कल सेमीकडेच आहे, पण ठरवताना त्याला समोर बसवा, सातवीतलं पोरगं आहे, त्याला मत असतं.

शाळेत जाऊन मिसशी भांडू नका. एवढंच म्हणा की टेस्ट इंग्लिशमध्ये झाली आहे, ही नोंद त्याच्या फाइलवर असू द्या, आणि युनिट टेस्टला एखादा प्रश्न तोंडी विचारून बघाल का. काही शिक्षक ऐकतात. नाही ऐकलं तर पुढल्या वेळी टेस्ट मराठी बोलणाऱ्या सायकॉलॉजिस्टकडूनच करून घ्यायची, तीही वर्षभर नको, लवकर केली तर ठोकळे आठवतात आणि आकडा उगाच चढतो. मराठी मुलांसाठी बिने-कामत चाचणीही आहे. त्यातला बिने म्हणजे अल्फ्रेड बिने, ज्याने १९०५ मध्ये पॅरिसमध्ये सायमनसोबत ही सगळी भानगड सुरू केली, आणि ती कशासाठी, तर कोणत्या मुलाला शाळेत जास्तीची मदत लागेल ते कळावं म्हणून. अपेक्षा कमी ठेवायला त्याने सांगितलं नव्हतं, उलट बुद्धी वाढतच नाही म्हणणाऱ्यांवर तो चिडायचा.

राहिला आकडा. नका सांगू. ९२ ऐकलं तर तो ९२ धरून बसेल, ११८ ऐकलं तर अभ्यास सोडेल, सातवीतल्या पोट्ट्यांचा काही नेम नाही. पण टेस्टला तो स्वतः दोन तास बसला होता, तेव्हा काहीच न सांगणंही बरोबर नाही. एवढं सांगा की ठोकळ्यांमध्ये तू फार पुढे आहेस, आकडे छान लक्षात राहतात, आणि इंग्लिश शब्द कमी पडले, ते आपण मिळून भरू. रिपोर्ट कपाटात ठेवा, सासऱ्यांच्या हाती लागणार नाही अशा कप्प्यात. आणि मार्चमध्ये कूलर काढायच्या आधी मला परत लिहा, सोबत त्याच्या त्या सहा ओळी पाठवा, मराठीतल्या पण आणि इंग्लिशमधल्या पण.